पेशी कशात वाढवली, ते आधी विचारा

गेल्या अंकात बोनमॅरोतल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या, स्टेम सेल्सवर (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशींवर) लिहिलं होतं. त्यात शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की स्टेम सेलचं पुढे हाड होणार की चरबी की आणखी काही, हे ती कुठल्या डिशमध्ये, कुठल्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रावणात), किती गर्दीत वाढली यावर खूप अवलंबून असतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, सहा निवडलेत, बाकीच्यांना वेगळं लिहीन.

मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी एकाच दात्याच्या बोनमॅरोमधून काढलेल्या मेसेनकायमल स्टेम सेल्स (हाड, चरबी, कुर्चा होऊ शकणाऱ्या) घेतल्या, बोनचं मीडियम पण सेम रेसिपीचं. 21 दिवसांनी कॅल्शियमला लाल रंग देणारं अ‍ॅलिझारिन रेड टाकलं तर तिची प्लेट लालभडक आणि माझ्याकडे जवळजवळ काहीच नाही, उलट पेशींमध्ये बारीक चमकणारे थेंब दिसतात. सगळे म्हणतात हँडलिंगची चूक. नक्की काय चुकलं असेल, मॅडम?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, म्हापसा

सगळ्यात आधी, ती प्लेट फेकली नसशील तर फेकू नकोस. ते चमकणारे थेंब चरबीचे असणार. चरबी रंगवणारं ऑइल रेड ओ टाकून बघ, थेंब लाल झाले की खात्री पटेल. म्हणजे तुझ्या पेशींनी काहीच केलं नाही असं नाही, त्यांनी दुसरी वाट धरली, आणि का धरली ते शोधणं हा माझ्या मते तुझ्या प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला भाग होऊ शकतो.

मी हे अगदी जवळून बघितलंय. संशोधनाच्या पहिल्या वर्षी सुट्टीला चार दिवस घरी गेले होते आणि निघताना एक फ्लास्क तसाच ठेवून गेले, आल्यावर बघते तर तळ पूर्ण भरून गेलेला, पेशी एकमेकींना खेटून, आणि फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली त्यातल्या काहींच्या पोटात दवबिंदूंसारखे गोल गोल थेंब, फोकस थोडा वरखाली केला की लखकन चमकायचे. चरबीचं कुठलंही मीडियम मी घातलं नव्हतं, नुसती गर्दी झाली होती. त्या दिवसापासून सेल काउंट न लिहिता मी कधी प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न हाच, की तू दर चौरस सेंटिमीटरला किती पेशी सीड केल्या, म्हणजे पेरल्या, होत्यास आणि तुझ्या मैत्रिणीने किती? 2004 साली क्रिस्टोफर चेन यांच्या ग्रुपने एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी चिकट प्रोटीनची छोटी छोटी बेटं छापली, काही 1,024 चौरस मायक्रॉनची, काही 10,000 ची, प्रत्येक बेटावर एकच पेशी. मीडियम सगळ्यांना एकच, हाड आणि चरबी दोन्हीचे घटक त्यात मिसळलेले. छोट्या बेटावरच्या पेशीला पसरायला जागाच नाही, ती गोल राहिली आणि चरबीकडे गेली. मोठ्या बेटावरची पाय पसरून बसली आणि हाडाकडे गेली. जेवण एकच, जागा वेगळी! भरगच्च वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) पेशीला पसरायला मिळत नाही, त्यामुळे तुझी प्लेट दाट आणि तिची विरळ असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

दुसरं डेक्सामेथासोन. हे औषध हाडाच्या रेसिपीतही असतं आणि चरबीच्या रेसिपीतही असतं, फरक मात्रेचा. हाडासाठी साधारण 10 ते 100 नॅनोमोलर, चरबीसाठी 1 मायक्रोमोलर, म्हणजे दहा ते शंभर पट. स्टॉक सोल्युशनचं डायल्युशन करताना एक शून्य इकडचा तिकडे झाला की रेसिपी कागदावर सेम आणि डिशमध्ये वेगळी. तुम्ही दोघींनी एकाच स्टॉकमधून घेतलं का, की प्रत्येकीने आपापलं बनवलं? आपापलं असेल तर वही काढ आणि गणित परत कर.

तिसरं व्हिटॅमिन सी. साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड 37 डिग्रीला मीडियममध्ये फार टिकत नाही, म्हणून बहुतेक जण त्याचं फॉस्फेट रूप वापरतात, ते टिकाऊ असतं. कोलॅजन नीट विणलं जायला हे लागतंच, आणि कोलॅजनची जाळी नसेल तर कॅल्शियम बसणार कशावर? साधंच वापरत असाल तर दर मीडिया चेंजला ताजं घालावं लागतं. एकीने घातलं आणि दुसरीने आठवड्याचं एकदम बनवून फ्रिजमध्ये ठेवलं, एवढंही पुरतं.

मग पॅसेज नंबर, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा. तिच्या पॅसेज 3 च्या आणि तुझ्या पॅसेज 8 च्या असतील तर त्या एकाच दात्याच्या असून सुद्धा एकाच वयाच्या नाहीत. माणसाच्या साध्या पेशी डिशमध्ये कायम विभागत राहत नाहीत, साधारण 50 विभाजनांच्या आसपास थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखवलं, आणि मेसेनकायमल पेशी तर थांबायच्या खूप आधीच मोठ्या, चपट्या, सुस्त व्हायला लागतात. त्यांच्याकडून हाडाची अपेक्षा करू नये.

ग्लुकोज पण बघ. डीएमईएम हे नेहमीचं मीडियम दोन प्रकारचं मिळतं, लिटरला 1 ग्रॅम ग्लुकोजवालं आणि 4.5 ग्रॅमवालं. आपल्या घरात रोज बोललं जातं त्या भाषेत सांगायचं तर पहिलं म्हणजे शुगर 100 आणि दुसरं म्हणजे शुगर 450. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच लाल, लेबलवर बारीक अक्षर, आणि हूडमध्ये (निर्जंतुक कपाटापुढे) बसल्यावर घाईत कुठली उचलली ते कोण बघतं? तीन आठवडे 450 शुगरमध्ये राहिलेली पेशी आणि 100 मध्ये राहिलेली पेशी सारखी वागणार नाही.

मीडियममध्ये घालतो त्या सीरमचा (रक्तातला पातळ भाग) लॉट नंबरही लिहून ठेव. सीरमच्या प्रत्येक बॅचमध्ये ग्रोथ फॅक्टर आणि हार्मोन्स कमीजास्त असतात, म्हणून चांगल्या लॅबमध्ये आधी दोन-तीन लॉटचे नमुने मागवून आपल्याच पेशींवर तपासतात आणि जो जमला त्याचा वर्षभराचा साठा करतात. आणि मायकोप्लाझ्माची, म्हणजे एका फार बारीक बॅक्टेरियाची, टेस्ट करून घे, हे मी प्रत्येकाला सांगते. साधे बॅक्टेरिया आले तर मीडियम गढूळ होतं, लगेच कळतं, मायकोप्लाझ्मा मीडियम स्वच्छ ठेवतो आणि आतून पेशीचं वागणं बदलतो, महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. पीसीआरने कळतं.

आता एक गोष्ट तुझ्या मैत्रिणीसाठी. लाल झालं म्हणजे हाड झालं, असं लगेच धरू नका. अ‍ॅलिझारिन कॅल्शियमला चिकटतं, ते कॅल्शियम पेशीने शिस्तीत बसवलंय की मेलेल्या पेशींवर नुसतं साचलंय हे त्याला कळत नाही. हाडाच्या मीडियममधलं फॉस्फेट देणारं बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं तर हाड न बनताही प्लेट लाल होऊ शकते. तिने अल्कलाइन फॉस्फेटेज, रनएक्स-2 आणि ऑस्टिओकॅल्सिन या हाडाच्या पेशीच्या खुणा बघितल्या का? आणि बोनचं मीडियम न घातलेली कंट्रोल वेल लाल आहे की नाही? दोघींच्या वह्या शेजारी ठेवून एक दिवस बसा. चूक कोणाची हे ठरवायला नाही, फरक कुठे आहे ते शोधायला.

आम्ही बारावीच्या मुलांना शिकवतो की शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए एकच असतो आणि सगळी माहिती त्यातच असते. मग डिश मऊ की कडक यावरून पेशी काय व्हायचं ते ठरवते हे मुलांना कसं समजवायचं? ती विचारतात, प्लास्टिक पेशीशी बोलतं का?
– जीवशास्त्राचे शिक्षक, साखळी

सर, मुलांचा प्रश्न फार आवडला. तुम्ही साखळीचे, म्हणून तुमच्याच वाटेवरचं उदाहरण देते. चोर्ला घाट चढून बेळगावला जाताना कणकुंबी लागतं. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच डोंगरात, त्याच खानापूर तालुक्यात म्हादईचं पाणी सुरू होतं आणि ते सत्तरीतून आपल्याकडे गोव्यात उतरून पणजीला मांडवी म्हणून समुद्राला मिळतं. पाऊस एकच, ढग एकच, थेंबात काही फरक नाही. पण डोंगराच्या धारेवर तो वीतभर इकडे पडला की तिकडे, यावरून त्याचा समुद्रच बदलतो.

1957 मध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने पेशीचं असंच चित्र काढलं होतं, वरून घरंगळत येणारी गोटी आणि खाली फुटत गेलेल्या दऱ्या. माथ्यावर सगळ्या वाटा उघड्या, जसजशी खाली येते तसतशी एकच दरी उरते. आता यात कल्चरचं काम काय? कणकुंबीला कळसा नाल्याचं, म्हणजे म्हादईला मिळणारं, पाणी मलप्रभेकडे वळवायला कालवा खणला तेव्हा आपल्याकडे एवढं का पेटलं, ते मुलांना माहीत आहे. माथ्यावर थोडंसं खणलं की खाली अख्खी नदी बदलते, घाट उतरून डिचोलीपर्यंत आल्यावर तेवढंच खणून काही होत नाही. कल्चरची परिस्थिती म्हणजे तो माथ्यावरचा कालवा. डीएनए बदलत नाही, डोंगर तोच राहतो, पाणी कुठल्या वाटेला लागतं ते बदलतं.

पण उदाहरण हे उदाहरणच, मुलांना खरी यंत्रणा पण सांगा, त्यांना झेपते. पेशीच्या अंगावर इंटेग्रिन नावाची प्रोटीन असतात, ती बाहेर कोलॅजनला धरतात आणि आत पेशीच्या दोऱ्यांना, म्हणजे अ‍ॅक्टिनला. पेशी मायोसिन या ओढणाऱ्या प्रोटीनच्या जोरावर हे दोरे सतत ओढून बघत असते. खाजनाच्या बांधावरून खाली चिखलात पाय ठेवलात तर पाय रुततो, रेटायला आधार मिळत नाही. सड्यावर चिऱ्याच्या दगडावर उभे राहिलात की पूर्ण जोर लावता येतो. डोळे मिटून सुद्धा तुम्ही सांगाल कुठे उभे आहात. पेशीचंही तसंच, ती ओढून बघते आणि समोरून किती प्रतिकार येतो त्यावरून खाली काय आहे ते ओळखते.

2006 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांनी याच मेसेनकायमल पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे 1 किलोपास्कलच्या (हे कडकपणाचं माप) आत, पेशींना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या. स्नायूइतक्या, 8 ते 17 किलोपास्कलवर त्या स्नायूसारख्या लांबट झाल्या. 25 ते 40 वर, म्हणजे हाड पूर्ण कडक होण्याआधीची जी जाळी असते तेवढ्या कडकपणावर, हाडाच्या खुणा दिसल्या. आणि मायोसिन बंद करणारं औषध घातल्यावर हा सगळा फरक गेला, कारण ओढताच येत नसेल तर कळणार कसं? मुलांना एवढं मात्र नक्की सांगा की चेतापेशींसारखा आकार आला म्हणजे काम करणारी चेतापेशी झाली असं नाही, ते अजून लांब असतं.

मग हा निरोप डीएनएपर्यंत पोचतो कसा? 2011 मध्ये इटलीतल्या पाडुआ विद्यापीठाच्या ग्रुपने दाखवलं की यॅप आणि टॅझ ही दोन प्रोटीन त्यातली निरोपे आहेत. पेशी ताणलेली, पसरलेली असली की ती केंद्रकात जाऊन बसतात आणि तिथली जीन्स चालू करतात, पेशी मऊ जागेवर आखडून बसली की ती बाहेर राहतात. हाडाकडे नेणारं रनएक्स-2 आणि चरबीकडे नेणारं पीपार-गॅमा हे तर एकमेकांना दाबून ठेवतात, एकाचं पारडं जड झालं की दुसरं मागे पडतं, म्हणून पेशी अर्धी हाड अर्धी चरबी अशी क्वचितच राहते. म्हणजे मुलांना उत्तर द्यायचं तर, प्लास्टिक बोलत नाही, पेशी चाचपून बघते.

यातून माझ्या मनात कायम राहिलेली गोष्ट अशी, की आपण लॅबमध्ये सगळं ज्या प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवतो ते शरीरातल्या मऊ अवयवांपेक्षा लाखो पट कडक असतं. आणि 2014 मध्ये क्रिस्टी अ‍ॅन्सेथ यांच्या ग्रुपने दाखवलं की पेशी हे लक्षात ठेवते. कडक जागी थोडे दिवस काढून मऊवर आणली तर यॅप परत बाहेर येतं, खूप दिवस काढले असतील तर मऊवर आणून सुद्धा ते केंद्रकातच राहतं.

इनक्युबेटरला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला बघितला. माणसाच्या पेशी आहेत तर ऑक्सिजनचा का नाही?
– वाचक, वास्को

कार्बन डायऑक्साइड 5 टक्के ठेवतात ते मीडियमचा आम्लपणा बरोबर राहावा म्हणून, त्यातल्या बायकार्बोनेटशी त्याचा तोल असतो. तो बिघडला की मीडियमचा रंग लालवरून पिवळा नाहीतर जांभळट होतो. ऑक्सिजन जास्तीचा द्यायची गरजच नाही, उलट आहे तोच जास्त होतो. इनक्युबेटरमध्ये हवेतला 18-20 टक्के असतो आणि बोनमॅरोमध्ये पेशी राहतात त्या जागी साधारण 1 ते 6 टक्के. म्हणून कित्येक लॅबमध्ये आता उलट नायट्रोजन सोडून ऑक्सिजन खाली आणतात. कमी ऑक्सिजनमध्ये मेसेनकायमल पेशी जास्त दिवस तरुण राहतात, आणि कुर्चा बनवायची असेल तर ते बरंच असतं, कारण सांध्यातल्या कुर्चेला रक्तवाहिन्याच नसतात, तिला सवयच कमी ऑक्सिजनची.

कुळागरात टिश्यू कल्चरची केळी लावली. दोनशेतली सात-आठ झाडं बुटकीच राहिली, पानं एकमेकांना चिकटून. नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडलं. रोपं तर सगळी एकाच आईची ना?
– बागायतदार, फोंडा

काका, तुमचं पत्र स्टेम सेलच्या गठ्ठ्यात आलं त्याचा मला आनंद झाला, कारण गोष्ट खरंच तीच आहे, आणि प्राण्यांच्या आधी ती झाडांत नीट समजली होती. 1957 मध्येच फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या खोडातल्या गराचे तुकडे जेलीवर वाढवले. मीडियममध्ये झाडांच्या दोन हार्मोन्सपैकी ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी ठेवलं की मुळं फुटली, उलट केलं की कोंब फुटले, दोन्ही बेताचं ठेवलं की नुसता गोळा वाढत राहिला. तुकडा तोच, हार्मोन्सचं प्रमाण बदललं की फळ बदललं. तुमच्या केळीच्या रोपांना पण लॅबमध्ये आधी सायटोकायनिन देऊन एका कोंबाचे अनेक कोंब करतात आणि मग मुळांसाठी दुसऱ्या बाटलीत हलवतात.

आता बुटकी झाडं. सगळं शेत सोडून विखुरलेली सात-आठच बुटकी असतील तर खताचं कारण मला पटत नाही, खत कमी पडलं असतं तर ओळच्या ओळ मागे राहिली असती. कोंब फोडायला हार्मोन जास्त दिलं आणि त्याच कोंबांना पुन्हा पुन्हा कापून बाटल्यांमागून बाटल्या भरल्या की मधेच काही रोपं बदलून जातात, याला सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हणतात, आणि कॅव्हेंडिश जातीच्या केळीत सगळ्यात जास्त दिसणारा बदल बुटकेपणाच आहे. म्हणजे आई एकच पण किती फेऱ्या मारून आली ते वेगळं. फक्त एक बघून घ्या, पानं वर झुपक्यासारखी जमली असतील, कडा पिवळट आणि देठावर, पानाच्या मागे गर्द हिरव्या तुटक रेघा असतील तर तो बंची टॉप हा व्हायरस आहे, मग ते झाड कंदासकट काढून नष्ट करा, माव्यामुळे तो बागभर पसरतो. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात फोटो दाखवा.

पुढच्या वेळी नर्सरीत दोन गोष्टी विचारा, कितव्या सबकल्चरची, म्हणजे कापून नव्या बाटलीत घालायच्या कितव्या फेरीची, रोपं आहेत आणि व्हायरस टेस्ट झाली का. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी 2006 पासून प्रमाणनाची व्यवस्था आहे, ते लेबल मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि मयड्याची गावठी केळी तुमच्याकडे असतील तर ती आपली बेण्यावरच, म्हणजे कंदाच्या फुटव्यांवरच, ठेवा, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही सीरम सीरम म्हणता ते कशाचं असतं? गाईचं ऐकलं, खरं का?
– वाचक, पेडणे

खरं आहे, आणि गोलमोल न बोलता सांगते. कत्तलखान्यात गाभण गाय आली तर तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून ते काढतात. अनेक दशकं जगभरातलं सेल कल्चर त्यावर चाललंय आणि मीही ते वापरलंय. मला ते पटत नाही, आणि पटण्या न पटण्याच्या पलीकडेही ते वाईट आहे, कारण त्यात नक्की काय किती आहे ते कोणालाच पूर्ण माहीत नसतं. पर्याय आलेत. रक्तपेढीत मुदत संपलेल्या प्लेटलेट्सपासून प्लेटलेट लायसेट बनवतात, मेसेनकायमल पेशींना ते छान मानवतं. आणि 2011 मध्ये जेम्स थॉमसन यांच्या लॅबने फक्त आठ घटकांचं मीडियम काढलं, ज्यात मानवी प्लुरिपोटेंट पेशी (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या) सीरमशिवाय वाढतात. हे तेच थॉमसन ज्यांनी 1998 मध्ये मानवी भ्रूणाच्या स्टेम सेल्स पहिल्यांदा डिशमध्ये वाढवल्या, तेव्हा त्यांना खाली उंदराच्या पेशींची गादी घालावी लागली होती आणि वर हेच सीरम.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, वय 66. एका ठिकाणी सांगितलं की पोटाच्या चरबीतून तिच्याच स्टेम सेल्स काढून, लॅबमध्ये वाढवून गुडघ्यात सोडू, कुर्चा परत तयार होईल. खर्च लाखांत आहे. आपल्याच पेशी म्हणजे धोका काहीच नाही ना?
– वाचक, मडगाव

ताई, तुमची घालमेल कळते. आई जिना चढताना कठडा धरून थांबते तेव्हा मुलीला काय होतं ते मला माहीत आहे, माझ्या घरीही ते झालंय. म्हणून स्पष्टच लिहिते.

'आपल्याच पेशी' हे वाक्य ऐकायला फार दिलासा देतं, पण वरची सगळी उत्तरं वाचली असतील तर लक्षात आलं असेल की पोटातून निघालेली पेशी आणि लॅबमधून तीन-चार आठवड्यांनी परत आलेली पेशी एकच नसते. मधे ती कडक प्लास्टिकवर बसली, कुठल्यातरी सीरममध्ये राहिली, शरीरातल्यापेक्षा बऱ्याच जास्त ऑक्सिजनमध्ये वाढली, कितीदा तरी ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवून नव्या फ्लास्कमध्ये गेली. ती कुर्चाच करेल असं तिला कोणी सांगितलं? कुर्चा बनवायला लॅबमध्ये सुद्धा पेशींचा घट्ट गोळा करावा लागतो, टीजीएफ-बीटासारखा ग्रोथ फॅक्टर आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो, एवढं करून मिळणारी कुर्चा खऱ्या गुडघ्यातल्याइतकी टणक नसते. नुसत्या सोडलेल्या पेशी तिथे बसून नवी कुर्चा विणतात असं म्हणायला आधार फार थोडा आहे. त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे सूज आणि दुखणं काही काळ कमी होऊ शकतं, ते वेगळं. 1991 मध्ये या पेशींना मेसेनकायमल स्टेम सेल हे नाव रूढ करणारे अरनॉल्ड कॅप्लन यांनीच 2017 मध्ये लिहिलं की हे नाव आता बदलूया, कारण शरीरात सोडल्यावर त्या अवयव बनवण्यापेक्षा निरोप द्यायचं काम करतात.

कायद्याचं असं आहे, की आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्टेम सेलचा सर्रास उपचार म्हणून वापर फक्त रक्ताच्या आणि तशा ठरलेल्या आजारांत, बोनमॅरो ट्रान्सप्लांटसारखा, करता येतो. बाकी सगळं मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमध्ये भाग घेण्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी या कायद्याच्या नजरेत साधी हाताळणी राहत नाहीत, ते औषध होतं, त्याला औषध नियंत्रकांची मंजुरी लागते. अशी मंजुरी मिळालेली उत्पादनं आहेत पण अगदी मोजकी, आणि तिथे मंजुरीचा कागद दाखवायला कोणी कां कूं करत नाही.

तेव्हा तिथे परत जाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या. ही ट्रायल आहे का, असेल तर सीटीआरआयचा (क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी नंबर काय आणि पैसे कशाचे? ट्रायल नसेल तर मंजुरीचं पत्र कुठे आहे? पेशी कुठल्या लॅबमध्ये वाढवणार आणि त्या लॅबला परवाना कोणाचा? कुठल्या मीडियममध्ये, गाईचं सीरम की दुसरं काही? कितव्या पॅसेजला देणार? देण्याआधी जंतू, एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष), मायकोप्लाझ्मा आणि गुणसूत्रांची तपासणी होणार का आणि त्याचा रिपोर्ट आईच्या फाइलला लागणार का? एक वर्षाने पेशंटचं काय झालं याची नोंद ठेवता का? ज्या डॉक्टरला खरंच माहीत असेल तो या प्रश्नांवर खूश होईल, वेळ देऊन बोलेल.

तोपर्यंत आईंना एखाद्या सरकारी किंवा ओळखीच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून घ्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ओपीडी आहेच. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि थोडं वजन कमी करणं ऐकायला किरकोळ वाटतं पण गुडघ्याच्या दुखण्यावर त्याचा फायदा भरपूर अभ्यासांत दिसलाय, आणि झीज खूपच पुढे गेली असेल तर सांधा बदलायचं ऑपरेशन हा जुना, पारखलेला रस्ता आहे. त्या ठिकाणाहून तुमच्या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाली तर मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, आईंचं नाव झाकून पाठवलं तरी चालेल, पुढच्या अंकाची वाट न बघता मी वाचून तुम्हाला कळवते.